पिंप उलटून मारत नाही

श्री. चनबसप्पा मास्तर यांच्या सेवेशी, सोलापूरच्या सात रस्त्याहून त्रिंबकचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरलीय, तेव्हा जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचाच मानून घे.) धारवाडची हवा मानवली का? गुडघा काय म्हणतो? सूनबाई कडक भाकरी करते की मऊ पोळीवरच बोळवण चाललीय? फोनवर विचारलं असतं, पण तू प्रत्येक वाक्याला "आं? आं?" करतोस आणि शेवटी कानडीत "हौदु, हौदु", होय होय, म्हणून फोन ठेवून देतोस. मग मी काय सांगितलं ते तुला कळलेलं नसतं आणि मला आठवत नसतं. म्हणून पत्र. आणि आधीच सांगून ठेवतो, हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. मुलाकडे कायमचा राहायला गेलेल्या माणसाला बोलावू नये एवढी अक्कल मला आहे. मला फक्त बंदुकीबद्दल विचारायचंय.

दचकू नकोस. आमच्या अनीशने वळसंगच्या रानात, विहिरीच्या वरच्या पडीक तुकड्यावर, पेंटबॉलचं मैदान काढलं ते तुला माहीत आहेच. तू तेव्हा "यप्पा, ह्या वयात होळी खेळतोस काय?" म्हणून हसला होतास. तर ती होळीच, पण शिस्तीची. दोन बाजू, तोंडाला मुखवटे, हातात हवेवर चालणारी बंदूक, आणि बोराएवढ्या गोळ्या. गोळीला औषधाच्या कॅप्सूलसारखं जिलेटिनचं कवच, आत रंग. ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. (बंदुकीला बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं, असं अनीशने मला बजावलंय. म्हणून मी त्याच्यासमोर मार्कर म्हणतो आणि त्याच्या माघारी बंदूक.) मैदान सुरू झालं, टायरांचे ढीग रंगवून झाले, आणि अनीशला पुण्यात नोकरी लागली. तो गेला, किल्ल्या माझ्याकडे राहिल्या. जन्मभर पोरांना मोसमी वारे शिकवले, आता एस.टी.ने वळसंगला जातो आणि मुखवटे पुसत बसतो.

आता मूळ तक्रार. गोळी सरळ जात नाही आणि बऱ्याचदा नळीतच फुटते. सुरुवात झाली उन्हाळ्यात. पत्र्याच्या खोलीत गोळ्यांचे खोके ठेवलेले, आणि आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या, पार राजगिऱ्याचा लाडू झाला. मी त्या घरी आणल्या, आणि फडताळासमोर उभं राहिल्यावर मला वाटलं, अरे, ह्याला उपाय घरातच आहे की! आमची प्रभा तूरडाळीला एरंडेल चोळून डबे भरायची, वर्षभर डाळीला काही व्हायचं नाही. ती जाऊन चार वर्षं झाली तरी तिची एरंडेलाची बाटली अजून फडताळात आहे. (टाकवत नाही.) मी परात घेतली, जमिनीवर मांडी घातली आणि गोळ्यांना अस्सं एरंडेल चोळलं की एकेक गोळी न्हाऊ घातलेल्या पोरासारखी चमकायला लागली. घरात कितीतरी दिवसांनी तो वास आला. खरं सांगतो चनबसप्पा, त्या दुपारी मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी गरज नसलेल्या गोळ्यांनाही चोळून टाकलं.

आणि त्याच रविवारी तेजश्री म्हणून एक विमा कचेरीतली मुलगी आपल्या सगळ्या कचेरीला घेऊन खेळायला आली. काय सांगू! एरंडेल गोळ्यांवरून नळीत, नळीभर ओघळ. गोळी सरळ निघायची आणि निम्म्या वाटेत कुणीतरी हाक मारल्यासारखी डावीकडे वळायची. तेजश्रीने साहेबांवर नेम धरला, गोळी लागली बाभळीला. साहेबांनी बाभळीआडच्या कारकुनावर नेम धरला, गोळी गेली बांधापलीकडे. तासभर दोन्ही बाजूंनी तुफान गोळीबार होऊन एकही माणूस बाद झाला नाही. (कचेरीतही असंच चालतं, असं तेजश्री म्हणाली.) उरलेल्या गोळ्या नळीतच फुटल्या आणि बंदुकीच्या तोंडातून लाळ गळावी तसा केशरी रंग गळायला लागला. बाद झाली एकटी शेजारच्या चांगुणाबाईंची म्हैस. बाई तिचं दावं धरून बांधावर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, म्हशीला रंग द्यायचाच व्हता तर बैलपोळ्याला द्यायचा की! आन ह्यो वास कसला? कुणाला जुलाब द्यायलाय काय?" सगळी कचेरी लोळली. मीही हसलो. मग गाड्या निघून गेल्या आणि मी एकटा पाण्याची बादली घेऊन म्हैस धूत बसलो. रंग निघतो पाण्याने. वास निघत नाही.

त्या दिवसापासून मी ह्या दुखण्याच्या मागे हात धुऊन लागलोय. एरंडेलाच्या गोळ्या सगळ्या खड्ड्यात पुरल्या. मग नळी साफ करायला घेतली आणि तू आठवलास. एनसीसीची परेड सुटली की शाळेच्या ओसरीत पोरांना रांगेत बसवून तू रायफली साफ करून घ्यायचास, दोरीच्या पुलथ्रूला चिंदी बांधून नळीतून ओढायची, मग नळी आभाळाकडे धरून डोळा लावायचा. मी वर्गातून बघायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस विनाकारण नळ्या पुसतो. आता माझ्या जुन्या धोतराच्या चिंद्या करून मी तेच करतो. नळीतून बघितलं की पलीकडे वळसंगचं गोल, रिकामं आभाळ दिसतं.

पुढचा शोध असा की गोळी नळीच्या मापाची लागते. दमट हवेत गोळी फुगते, मग नळीत घासून फुटते. बारीक असली तर आत लटपटते आणि वाट्टेल तिकडे जाते. परीक्षा सोपी आहे. गोळी नळीत सोडायची, ती आपोआप घरंगळून बाहेर पडता कामा नये, पण तोंडाने फुंकली की निघाली पाहिजे. म्हणून मी बांधावर बसून नळ्या फुंकत असतो, आणि चांगुणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "गुरुजींनी सनई धरलीया." खोके रोज उलटेसुलटे करावे लागतात, नाहीतर गोळ्या एका अंगाला चपट्या होतात. (मलाही रोज कुणीतरी उलटंसुलटं करायला हवंय, म्हणजे पाठ धरायची नाही.) हवेचा दाबही जास्त होता, तो स्क्रू फिरवून उतरवला. शेवटी आत एक रबराचं बोंड असतं ते सापडलं, तुरीच्या दाण्याएवढं. एका वेळी एकच गोळी आत सोडायचं त्याचं काम. ते झिजलं की दोन गोळ्या एकदम घुसतात आणि चिरडतात. एका बंदुकीतलं बोंड झिजलेलं निघालं, नवं मागवून बसवलं.

एवढं सगळं करून नेम तपासायला मी एक पिंप उभं केलंय. त्यावर चुन्याने नाक-डोळे काढलेत आणि त्याला हेडमास्तर म्हणतो. मी टायरामागे लपतो, सरपटत पुढे जातो, एकदम उठून गोळी झाडतो. लागली तर पिंप गप्प, चुकली तरी गप्प. लपलो काय आणि न लपलो काय, त्याला काही फरक पडत नाही. परवा तर मी टायरामागे बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. कुणी शोधायला येईल म्हणून नव्हे. असाच. पिंप उलटून मारत नाही रे, चनबसप्पा. चांगुणाबाई हाका मारत आल्या, "गुरुजी, जित्ते हायसा न्हवं?" आणि घोटभर चहा देऊन गेल्या.

अनीशचा फोन येतो. तो म्हणतो, "बाबा, रानात एकटं बसायचं नाही. सोबतीला कुणी असेल तर मैदान ठेवा, नाहीतर दिवाळीनंतर सगळं सामान विकून टाकू आणि तुम्ही इकडे या." पुण्याला त्यांचं घर बाराव्या मजल्यावर आहे. पोरगा वाईट नाही, काळजीने बोलतो. पण तिथे गेलो तर मी तुझ्यासारखा होईन, म्हणजे प्रत्येक वाक्याला "आं? आं?" करून "हौदु" म्हणणारा. राग मानू नकोस. तुझ्या मुलाने मला सांगितलंय की फोनवर माझा आवाज तुला स्वच्छ ऐकू येतो. मग तू "आं" का करतोस हे मी विचारणार नाही. मीही कधी कधी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवून देतो.

तर सांगायचं एवढंच की नेम कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, हे सविस्तर लिहून कळव. बाकी काही मागणं नाही. पत्रातच कळव. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला गोड पापा. गुडघ्याला तेल लाव (एरंडेल नको).

तुझा,
त्रिंबक

ता. क. तुझ्या खांद्यांचं माप कळव. खेळताना अंगावर घालायचा डगला मागवायचाय. कुणासाठी ते विचारू नकोस.

ता. क. २ वर नेमाबद्दल लिहिलं ते आता तितकंसं खरं नाही. नवं बोंड बसवल्यापासून बंदूक सरळ चाललीय. काल हेडमास्तरांचं नाक पहिल्या गोळीत केशरी केलं. इकडे-तिकडे बघितलं, तर सांगायला कुणी नव्हतं.

ता. क. ३ दुसरी एक बंदूकही चांगलीच होती. हे पत्र लिहून झाल्यावर मी तिच्यातलं बोंड काढलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आता ती दर दोन गोळ्यांमागे एक फोडते. ती तुझी. ये आणि दुरुस्त कर.