पुढून-मागून बांधलेली बोट

१४ मार्च

थोरल्या,

"डावीकडे. अजून. अहो, हात गळाले का?" तुझी आई केबिनमधून ओरडत होती आणि मी बोटीच्या छपरावर टीव्हीची डिश धरून उभा होतो. दुपारी शेजारी एक मालवाहू जहाज येऊन लागलं होतं. डिशच्या समोर लोखंडाची भिंत. मला दिसत होती, तिला नाही. मी डिश फिरवत राहिलो.

आशीर्वाद राहिले, ते घे. आम्ही दोघं ठीक.

तू बसवलेली डिश एरवी उत्तम चालते. आपल्याकडे डिश आभाळाकडे बघते. इथे परदेशात, इतक्या उत्तरेला, आपला उपग्रह इतका खाली, की ती धक्क्याकडे बघते. तू सांगितल्याप्रमाणे बोट पुढून-मागून आवळून बांधली आहे. चित्र हलत नाही. डिश बसवून झाल्यावर तू म्हणालास, बोट विका आणि माझ्याकडे चला. मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल. तू उतरलास आणि मी धक्क्यावर टाकलेली ये-जा करायची फळी लगेच आत ओढली. आईने ते पाहिलं होतं.

आई इथली भाषा विसरली. पाववाली बोलते तेव्हा नुसती हसते. संध्याकाळच्या आपल्या बातम्या मात्र चुकवत नाही. बातम्या देणारा मुलगा "नमस्कार" म्हणाला की ही म्हणते, "आलास? जेवलास का?" तो पुराचं सांगू लागतो. "बघा, जेवणाचं विचारलं की विषय बदलतो. तुमच्यावर गेलाय." सुरुवातीला मी सांगितलं, अगं, तो आपला नव्हे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा सांगितलं नाही. त्याचा चष्मा तुझ्यासारखा आहे. बाकी काही साम्य नाही.

आज पडदा निळाच राहिला. मी खाली आलो तर ती टीव्हीसमोर ताट वाढून बसली होती.

"कुठे गेला?"

जहाज, उपग्रह, काय काय सांगणार? म्हणालो, "निघालाय. वाटेत आहे."

"मग आधी सांगायचं नाही का? मला मेलीला उगाच ओरडायला लावलंत."

उठून तिने मागच्या खोलीतला बिछाना झटकला. उशीला नवा अभ्रा घातला.

हे मुद्दाम कळवण्यासारखं नव्हे. तुझ्या रजेचं मला माहीत नाही. जहाज उद्या जाईल, असं धक्क्यावरचा मुकादम म्हणाला. चित्र परत येईल. तेव्हा काळजीचं कारण नाही.

१५ मार्च, सकाळ

जहाज गेलं. चित्र आलं. सकाळच्या बातम्यांनाही तोच मुलगा होता. "नमस्कार" म्हणाला. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "हा कोण? बंद करा," म्हणाली, आणि चहाचे तीन कप मांडले.

मी बंद केला.

बोट होती तिथेच आहे. फळी टाकलेली आहे.

बाबा