मुठीतल्या सात मिरच्या

गोळीबार चौक, नागपूर
रविवार, ८ डिसेंबर १९६८

तीर्थस्वरूप सौ. तुळजाबाई जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार. पत्र तेच वाचून दाखवणार, म्हणजे त्यांना आधीच पोचला. आम्ही इकडे बरे आहोत. उमरेडला तुम्हाला चांगलं घर मिळालं, भाऊजींचा हातमाग बसला, असं शेजारच्या मार्तंडकडून कळलं. बरं वाटलं.

चौथी शिकलेल्या बाईने पत्रात काय लिहावं? इकडे थंडी पडली आहे. बंबात पाणी तापतं आणि आधी आंघोळ कोणी करायची यावरून भांडायला कोणी नाही, म्हणून ते दुपारपर्यंत गरमच राहतं. हे गांधीबागेत लुगडी देऊन येताना संत्री घेऊन आले. साली मी पत्र्यावर वाळत घातल्या. त्या कुटून अंगाला लावायचं वेड तुमचं, मला तर त्याचा कंटाळा. तरी घातल्या.

घरात आता एकच माग चालतो. दोन चालायचे तेव्हा माझं डोकं उठायचं आणि मी किती कुरकुर करायचे, तुम्हाला ठाऊक आहे. भाऊजींचा ठोका आधी पडायचा, यांचा मागून. आता यांचा एकट्याचा पडतो आणि मी उगाच दुसऱ्याची वाट बघते. तीन वाजता चहा ठेवते तर पाणी अजून दोघींचंच पडतं. मग दोन्ही कप मीच पिते. कांड्या भरायला बसले की तुम्ही म्हणायच्या, "अवं भागीरथे, तोंड कमी चालव, सूत तोडशीन." आता तोंड गप्प आहे, सूत मात्र तुटतंच.

मागच्या मंगळवारी पाजणी केली. उभ्या सुताचा अख्खा ताणा गल्लीत पसरायचा, खळ लावायची, दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत ऊन चढायच्या आत सुकवायचा. चार माणसांचं काम. आम्ही दोघं, मार्तंड, आणि मार्तंडची सासू, जिचा खांदा वर जात नाही. अर्धा ताणा चिकटला. पूर्वी पाजणी उरकली की आपण चौघं चुलीपुढे बसून भाकरी आणि वांग्याचं भरीत खायचो. भाऊजी खळीचे हात न धुताच बसायचे आणि तुम्ही त्यांना उठवायच्या. त्या दिवशी यांनी उभ्या उभ्या चहा घेतला आणि पुन्हा मागावर बसले.

सिंधू बरी आहे. ताप गेला तो पुन्हा आला नाही. थोडी बारीक झाली आहे, आजारातून उठल्यावर पोरं होतातच. जेवताना जरा छळते. तुमची आठवण काढते. तुम्ही भाकरीचा पापुद्रा सोडवून त्याला तेल-तिखट लावून द्यायच्या, तेच मागते. माझा पापुद्रा फाटतो. फाटलेला तिला चालत नाही.

संक्रांतीच्या आधी चार दिवस येऊन जा. जास्त नको, चारच दिवस. पापुद्रा कसा सोडवायचा तेवढं दाखवा. भाऊजींनी दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

तुमची धाकटी,
भागीरथा


नागपूर
शनिवार, २१ डिसेंबर १९६८

तीर्थस्वरूप जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. पोस्टमन शेजारी थांबतो, आमच्या दाराकडे बघतसुद्धा नाही.

मागच्या पत्रात सिंधू बरी आहे असं लिहिलं. ती बरी नाही. दिवसातून दोन घास खाते, तेही हे मागावरून उठून समोर बसले तर. वरण-भात केला, दूध दिलं, फुटाण्यांसाठी सक्करदऱ्याच्या तलावावर नेलं. फुटाणे मुठीत धरून बसली आणि घरी येऊन तसेच ताटलीत ठेवले. नऊ वर्षांची पोर, पण फ्रॉक तिच्या अंगावर टांगल्यासारखा दिसतो.

भाऊजींनी माग नेला, पण जमिनीतला खड्डा कुठे नेणार? ते जिथे पाय सोडून बसायचे, तिथे ती जाऊन बसते. सकाळपासून बसते. मी खड्ड्यावर फळी टाकली, तर फळीवर बसली. रागाने मी तिला एक धपाटा घातला. ती रडलीही नाही, हो.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. म्हणाले, आजार उरलेला नाही, पण पोर खात नाही हे आजारापेक्षा वाईट. टायफॉइडने आतून पोखरली आहे, आणखी पंधरा-वीस दिवस असंच चाललं तर आमच्या हातात काही राहणार नाही. का खात नाही ते तुमच्या घरात शोधा म्हणाले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "वयनीले बोलव. पोरगी हातची चालली, तुले दिसून नाही राहिलं काय?" मी म्हणाले, "पत्र टाकलं ना. त्या येत नाहीत तर मी काय करू?" "काहून येत नाहीत?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चुलीत फुंकर मारत बसले. चूल पेटलेलीच होती.

तुम्ही रागावल्या असाल. रागावण्याजोगं आहे. पण ते कागदावर लिहवत नाही, भाऊजी वाचतील. तुम्ही या, मग दोघी बसून बोलू. मी पाया पडते.

भागीरथा


नागपूर
गुरुवार, २ जानेवारी १९६९

भाऊजी,

तुम्हाला नाव घालून लिहिण्याची आमच्यात रीत नाही, तरी लिहिते. हे पत्र मोठ्याने वाचा. मध्येच थांबू नका. जाऊबाई उठून आत गेल्या तर मागे जाऊन वाचा.

तुमचं पत्र परवा मिळालं. तुम्ही लिहिलंत, "तुळजा म्हणते, पोरीले माहीच नजर लागली. मी आली तं तिचं आणखी बिघडन. तिनं उमरेडले आल्यापासून एकाही लेकराकडे पाहिलं नाही. शेजारचं पोर अंगणात आलं का पदर ओढते अन् आत जाते." जाऊबाई, मी समजत होते की तुम्ही रागाने येत नाही. तुम्ही भीतीने येत नाही, तेही आमच्याच पोरीला काही होईल या भीतीने. पत्र हातात घेऊन मी मोरीत जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

तुमची नजर लागली नाही. ते मी केलं. कसं केलं ते सांगते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सिंधूच्या तापाचा बारावा दिवस. तुम्ही बारा दिवस तिच्या उशापासून हलल्या नव्हत्या. मी दुपारी तिला पाणी पाजायला गेले. तिने माझा हात ढकलला आणि म्हणाली, "काकू, तू जाय. आईले पाठव."

हे काही नवीन नव्हतं. तिच्या जन्मानंतर मी आठ महिने अंथरुणाला खिळले होते. तुम्ही तिला वाढवलं. ती तुम्हाला आई म्हणू लागली आणि तुम्ही लाडाने "जा, काकूजवळ जा" म्हणायच्या, म्हणून मला काकू. सगळं घर हसायचं. मीही हसायचे. जत्रेत, नळावर, लग्नकार्यात मी माझ्याच पोरीची काकू म्हणून नऊ वर्षं हसले. तुम्ही तिची वेणी घालायच्या तेव्हा मी शेजारी बसून कांड्या भरायचे आणि मनात म्हणायचे, उद्या मी घालेन. तो उद्या काही आला नाही. मलाही तो आणता आला असता, पण तुमच्या हातची वेणी छान बसायची.

त्या दिवशी मात्र मला हसता आलं नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका आल्या आणि म्हणाल्या, पोरीची दृष्ट काढा. मिरच्या आणायला तुम्हीच उठल्या. तुमच्या माहेरच्या, भिवापूरच्या मिरच्या. एक विस्तवात पडली तर चार घरं खोकतात. सात मिरच्या, मीठ आणि मोहरी तुम्ही माझ्या हातात दिली, कारण आईने काढलेली दृष्ट लवकर उतरते असं तुम्हीच म्हणालात. आईने! मी सात वेळा ओवाळलं. शेगडीपाशी गेले. मीठ-मोहरी विस्तवात टाकली. मिरच्या मुठीत धरून ठेवल्या आणि मूठ पदराखाली नेली.

मीठ तडतडलं. ठसका कोणालाच लागला नाही. ठसका उठला नाही तर नजर जबर, हे गल्लीतल्या लहान पोरीलाही माहीत आहे. कोणीतरी विचारलं, "एवढी कोणाची लागली वं?" मी तोंडाने एक शब्द बोलले नाही. फक्त मान वळवून तुमच्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. मूल नसलेली बाई, आणि बारा दिवस पोरीकडे टक लावून बसलेली. त्यांना आणखी काय सांगावं लागणार होतं?

तुम्ही उठून बाहेर गेलात. मुठीतल्या मिरच्या घामाने चुरल्या, हाताची आग झाली, तोच हात डोळ्याला लागला आणि डोळे वाहायला लागले. बायका म्हणाल्या, बिचारी आई. त्यांचे हात माझ्या पाठीवरून फिरत होते आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटत होतं हे खरं आहे.

मला वाटलं होतं, तुम्ही दोन दिवस पोरीपासून दूर राहाल. मी तिच्याजवळ बसेन, ती डोळे उघडेल आणि मी दिसेन. एवढंच हवं होतं मला. तुम्ही चौथ्या दिवशी माग सोडवून बैलगाडीत टाकाल असं वाटलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा भाऊजींनी यांच्याकडे एकदा पाहिलं. मी दारात उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

आता सिंधू डोळे उघडते आणि मीच दिसते. ती पुन्हा मिटून घेते.

काल यांना सगळं सांगितलं. यांनी माग थांबवला. हातातला सुताचा धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "काहून असं केलं वं तू? मले सांगती ना, मले काहून सांगितलं नाही?" मारलं असतं तर बरं झालं असतं. आज सकाळी नळावर बायका भरपूर होत्या, तिथेही सांगितलं. दृष्ट कोणाचीच नव्हती, मिरच्या माझ्या मुठीत होत्या, असं मोठ्याने म्हणाले. एकीने घागर उचलली आणि न भरताच निघून गेली. बाकीच्या माझ्याकडे बघत राहिल्या. आता त्या गल्लीत माझ्याविषयी काय बोलतील ते बोलोत.

तुम्ही इकडे या असं मी आता म्हणत नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? आणि पत्र जायचं, तुमचा विचार व्हायचा, तुम्ही निघायचं, एवढे दिवस पोरीकडे नाहीत. आज दुपारी मी खड्ड्यापाशी बसून तिला म्हणाले, "सिंधू, रविवारी तुला आईकडे नेते." तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "खरंच वं काकू?" म्हणाली. मग आपणहून उठली आणि थाळी पुढे ओढून चार घास जेवली. फाटलेला पापुद्रासुद्धा खाल्ला. मी तिच्यासमोर बसून एकेक घास मोजत होते.

रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी तिला घेऊन निघते. तिचे कपडे, पाटी, तुम्ही शिवलेली गोधडी, सगळं बांधलं आहे. मला आत बोलावू नका. ओट्यावरूनच मी परतीची गाडी धरेन. ती जितके दिवस म्हणेल तितके ठेवा. कायमची म्हणाली तर कायमची ठेवा, मी मागायला येणार नाही, हे भाऊजींच्या देखत लिहून देते.

फक्त दार उघडाल तेव्हा आत पळू नका. पदर मागे घ्या आणि तिच्याकडे डोळे भरून बघा, जाऊबाई. मी तिथे उभी असले तरी बघा.

तुमच्या सिंधूची काकू,
भागीरथा