सरकीच्या दुकानातला बोका

बाबा, दुपारी मी शाळेतलं शिकवणं आटोपून तुमचा डबा घेऊन दुकानात यायची. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली सवय, जेवणाआधी मी प्रार्थनेला डोळे मिटायची, आणि तेवढ्यात बोका तुमच्या पोळीवरची साय पळवायचा. तुम्ही मुद्दाम ताट त्याच्याकडे सरकवायचात, हे मला ठाऊक होतं.

एकदा तो फाटका कान आणि मानेवर दातांच्या खुणा घेऊन आला. मी आयोडीन शोधतेय आणि तुम्ही हसताय. "दुकान राखून राह्यला थो. आणखी साय दे त्याले." पोरं पडून गुडघे फोडून आली तेव्हा कधी एवढं कौतुक झालं नाही, असं आई मागून पुटपुटली. मी त्याला खच्ची करून घेऊ म्हटलं, तर तुम्ही कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. घाबरट बोका सरकीची पोती काय राखणार, असं तुमचं म्हणणं.

तुम्ही गेल्यापासून तो माझ्याजवळ, दुकानामागच्या खोलीत असतो. यंदा हिरड्या सुजल्या, ताप येतो-जातो. दूधभाताचा नुसता वास घेऊन तो तोंड फिरवतो. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. आजारांशी लढायची ताकदच खाणारा विषाणू आहे म्हणाले, माणसांच्या एड्ससारखा, पण माणसाला होत नाही. बरा होणार नाही. घरात जपला तर काही काळ राहील. आला कुठून, मी विचारलं. "चाव्यातून. भांडणाऱ्या बोक्यांना होतो."

परतीच्या एसटीत टोपली मांडीवर घेऊन मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला हे कळायच्या आत तुम्ही गेलात, याचं बरंही वाटत होतं.

वहिनीने त्यातला ‘एड्स’ हा एकच शब्द धरला. "घरात लेकरं आहे ताई. माणसाले होत नाई, हे डॉक्टर लिहून देईन काय?" मी समजावलं, तिने मान डोलावली, आणि संध्याकाळी त्याची वाटी उंबऱ्याबाहेर होती.

उद्या नागपूरला माझं ऑपरेशन आहे. पुढचं सांगता येत नाही. हे पत्र टाकणार तरी कुठे? खरं सांगते बाबा, बाहेर दुसरा बोका ओरडला की हा लटपटत खिडकीशी जातो, आणि मलाही क्षणभर कडी काढावीशी वाटते.

खालचा एवढा तुकडा फाडून दादाला देईन.

दादा, बोक्याला बाटलीतलं औषध तू पाज. बाबांची शाल बोक्याखालीच राहू दे. माझी गोष्टींची पुस्तकं पोरांना. खोलीची किल्ली तू ठेवू नकोस, तू दार उघडं टाकतोस. ती आईला दे.