बुटांचा रस्सा

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ टळून गेली, ठाऊक आहे मला. पण आज मुग्धाच्या शाळेतून मान खाली घालून घरी आले. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

वर्गात प्रत्येकाने एका शोधमोहिमेवर बोलायचं होतं. बाकीच्या मुलांनी या देशातली वाळवंटं घेतली. तुमची नात मात्र थेट आर्क्टिकला! एकोणिसाव्या शतकातली तुमची ती लाडकी मोहीम, कॅनडातून होड्यांनी आणि पायी जाऊन कोऱ्या किनाऱ्याचा नकाशा काढणारी. बोलत होती इंग्रजीत, पण हातवारे अगदी तुमचे.

परतीच्या वाटेवर अन्न संपलं, तिथे तिचा आवाज एकदम उतरला. बाई म्हणाल्या, "स्पीक अप, स्वीटी." तिने माझ्याकडे पाहिलं. "धिस इज द व्हिस्पर बिट. आजोबा ऑल्वेज व्हिस्पर्ड इट. मम डझंट लाइक इट."

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते जेवण आठवतं ना? इथे परदेशी, गिरावीन उपनगरातल्या या घरी ह्यांचे साहेब पहिल्यांदाच आले होते. मी मटण वाढत होते आणि तुम्ही रंगात येऊन सांगत होता, की त्या बिचाऱ्यांनी शेवटी बुटांचं कातडं उकळून त्याचा रस्सा प्यायला. मी ओरडले, "बाबा, नॉट ॲट द टेबल!" तेही इंग्रजीत, पाहुण्यांना कळावं म्हणून! जन्मभर भूगोल शिकवलेले तुम्ही 'सॉरी' म्हणालात आणि ताटाकडे बघत राहिलात. साहेब तर विचारत होते, "देन व्हॉट?" मीच विषय बदलला.

मला वाटलं, तुम्ही ते विसरलात. आणि मुग्धा आज घरी येताना म्हणाली तसं, तुम्ही तिला शाळेत सोडताना, रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही, कुजबुजत सांगत होता? पोटच्या पोरीला इतकं घाबरायचात? रागवायचं तरी होतंत एकदा! लहानपणी कान पिळायचात की माझा.

तुम्ही कायमचे गेल्यावर मी फोनवर सगळ्यांना सांगत सुटले, बाबा आमच्याकडे किती मजेत राहिले म्हणून. लाज वाटते हो.

शनिवारी ह्यांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार आहेत, साहेबसुद्धा. पानं वाढून झाली की मुग्धाला सांगणार आहे, सुरुवातीपासून सांग, मोठ्याने. रश्शापाशी तिचा आवाज उतरलाच, तर बाबा, पुढचं मी सांगेन.

तुमची,
नीलू