गुलाबी पाणी

सोमवार, ८ जून
मॅडमनी जाहीर केलं. शुक्रवारी लॅबमधल्या एकाचेच कण उंदरांवरच्या चाचणीला जाणार. कॅन्सरचं औषध पोटात घेऊन फिरणारे, उजेड पडेल तेवढ्याच जागी ते सोडणारे कण. एक उमेदवार मी, सहा वर्षं हेच करतोय. दुसरी उमेदवार लॅबमधली नवी मुलगी, मी तिला चिमणी म्हणतो; येऊन जेमतेम दीड वर्ष. आयत्या बिळावर नागोबा! मला हेवा वगैरे नाही. पोटात दुखतंय ते कॅन्टीनच्या चहाने.

सोमवार, दुपारी ४
अट सोपी. कण पाण्यात घातलेल्या नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून चार दिवस कपाटात. अंधारात औषध सुटता कामा नये. सुटलं तर पाणी गुलाबी. संकल्प: शांत राहणे. तिच्या कप्प्याकडे न बघणे.

मंगळवार, ९ जून
तिच्या कप्प्याकडे पाचदा बघितलं. फॉइल जसंच्या तसं. एकदाही उघडून पाहिलं नाही या बाईने. निष्काळजीपणाची कमाल! मी दर तासाला माझं फॉइल सोडतो, मोबाइलचा टॉर्च मारतो, परत गुंडाळतो. काळजी म्हणतात ती ही.

बुधवार, १० जून, सकाळी
पाणी किंचित गुलाबी. टॉर्चचा रंग असेल.

बुधवार, संध्याकाळी
टॉर्चचा रंग नाही. चिमणीने काही केलं असेल का? नसेल. तेवढी अक्कल तिला नाही.

गुरुवार, ११ जून
सगळ्या नळ्या लालभडक. आधी घाबरलो, मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या कणांना उजेड लागतच नाही! स्वावलंबी कण! दिव्याची कटकटच संपली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बायको म्हणाली, अहो, मग ते नुसतं औषधच झालं की. तिला विज्ञानातलं काय कळतं? भाषण पाठ केलं.

शुक्रवार, १२ जून
भाषण दोन मिनिटं चाललं. मॅडमनी एकच विचारलं, अंधारात गुलाबी झालं हे तुम्ही बघितलं कशाने?
चिमणीच्या नळ्या आज पहिल्यांदा उघडल्या. पाणी स्वच्छ. उंदीर तिला मिळाले. ती हसली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, संध्याकाळी
चिमणी टेबलापाशी आली. म्हणाली, दादा, माझ्या कणांना मोठा दिवा तासभर लागतो. तुमच्या कणांनी मोबाइलच्या टॉर्चवर औषध सोडलं. असे कण मी पाहिलेच नव्हते. नुसते राहू दिले असते, तर चाचणी तुमचीच होती.
हेवा वाटतो तिचा. लिहूनच टाकतो. कणांचा नाही. चार दिवस नळ्यांकडे न बघता तिला राहता आलं, त्याचा.