खालची हवा

१२ जानेवारी

ती. मावशीस,
बोरूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. मी काडीसारखी बारीक आणि बोटं कायम शाईनं माखलेली, म्हणून तू मला बोरू म्हणायला लागलीस. आता ते नाव प्रकाशकबाईंनाही सांगून बसलीस म्हणे. सतरा वर्षांच्या लेखिकेची काही अब्रू शिल्लक ठेवशील की नाही?

सोबत सातही गोष्टी पाठवतेय. सगळ्या जुन्याच परीकथा आहेत, मी फक्त त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलंय. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या माझ्या गोष्टीत जागीच असते, नुसते डोळे मिटून लोकांचं बोलणं ऐकत पडलेली. मनोऱ्यातल्या मुलीनं मात्र माझा घाम काढला. तिला वर ठेवणारी म्हातारी माझ्याकडे चेटकीण नाही. तिचा मुलीवर फार जीव आहे. ती तिला लिहायला-वाचायला शिकवते, तिची वेणी घालते आणि रोज सांगते, की खालची हवा विषारी आहे.

आईची नजर आणखी उतरली. काचबिंदूनं गेलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. मी सात वर्षांची असताना दम्यामुळे तिनं मला शाळेतून काढलं, स्वतःची शिक्षिकेची नोकरी सोडली आणि घरीच शाळा मांडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वहीवर तिची लाल पेन्सिल फिरली. गेलं वर्षभर ती पेन्सिल डब्यातच आहे. मी वाचते, ती खिडकीशी बसून ऐकते आणि एखादं वाक्य लंगडलं की बोट वर करते.

आता खरं सांगते. मनोऱ्याची गोष्ट मी तिला लिहिली तशी वाचलीच नाही. कागद समोर धरला आणि तोंडानं दुसरीच रचत गेले. त्या गोष्टीत म्हातारी स्वतः दोर विणते आणि मुलीला खाली सोडते. आईला ती इतकी आवडली, की तिनं मला जवळ ओढून घेतलं. मला फार लाज वाटली. पण तिला खरी गोष्ट कळू नये, एवढीच आता माझी धडपड आहे. तू जीभ सांभाळ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
बोरू


२ फेब्रुवारी

चि. बोरूस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

बाई गं, सात गोष्टींत तू एकशे बारा उद्गारचिन्हं पेरली आहेस. मी मोजली, प्रुफं तपासण्यावरच माझं पोट आहे. नव्वद उपटून टाकली. उरलेल्यांसाठी भांडायचं असेल तर इथं येऊन भांड, आणि ही थट्टा नाही. प्रकाशकबाईंना पुस्तक हवंय. मनोऱ्याची गोष्ट पहिली घ्यायची आणि पुस्तकाला नावही तिचंच द्यायचं, असं त्यांच्या मनात आहे. चित्रं आणि प्रुफं बघायला त्यांनी तुला महिनाभर बोलावलंय. शिवाय मुलांच्या पुस्तकांच्या विभागात एक टेबल रिकामं आहे. वर्षभर तिथं बसून काम शिकायची तुझी इच्छा असेल तर ते तुझं.

मी पाच आठवड्यांची रजा काढते आणि ताईजवळ येऊन राहते. तू माझ्या खोलीत, मी तुझ्या. ताईचा जीव खालीवर होतोय, हे तिच्या पत्रावरून दिसतं. शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडून तिनं लिहून घेतलं, त्यात माझ्या खोलीच्या चार जिन्यांबद्दल तीनदा विचारलंय आणि छापखान्यातल्या धुळीबद्दल दोनदा. मी तिला कळवलं, की पोरीची जबाबदारी माझी.

मनोऱ्याच्या गोष्टीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. त्या हवेच्या ओळीपाशी मी पेन्सिल खाली ठेवली आणि जरा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले, एवढंच.

मफलर आण. माझी खोली उत्तरेकडे तोंड करून आहे.
तुझीच,
मावशी


२४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी खोली मला आवडली, फक्त तुझी उशी दगडाची आहे. पहिल्या दिवशी मी प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास कधी अडकतोय याची वाट बघत उभी राहिले. तो काही अडकेना. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं मी रस्ता चुकले. आता मी न थांबता चढते आणि वर आल्यावर शिट्टी वाजवते.

छापखान्यात डिंकाचा वास आहे, कागदाची धूळ आहे, सगळं आहे. बांधणी करणाऱ्या बायका दुसऱ्या पुस्तकांचे कागद घडी घालताना एकीकडे माझ्या गोष्टीची प्रुफं वाचतात आणि मला बघून हसतात. चित्रकारानं म्हातारीला हे एवढं नाक काढलं होतं. मी हट्टानं ते पुसायला लावलं. ती चांगली दिसायला हवी, हे त्याला पटवता पटवता माझा आवाजच बसला.

मनोऱ्याच्या गोष्टीची प्रुफं बाई तुझ्याकडे पाठवताहेत, दुसरं वाचन तूच करावंस म्हणून. आई ऐकायला मागेल. माझ्या कपाटात निळी वही आहे, तिच्यात मी ती गोड गोष्ट लिहून ठेवली आहे. मावशी, तुझ्या पाया पडते, ती वाच.

आणखी एक. मी दहा वर्षांची असताना तुम्ही दोघी मला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होतात. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. शाळेचं नाव कधीच काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले, हे आईनं मला घरी येताना सांगितलं. ते नक्की काय म्हणाले होते? चार जिने चढते म्हणून विचारतेय.

उत्तराला उशीर करू नकोस, प्रेमाला तर नकोच नको.
बोरू


३ मार्च

चि. बोरूस,
आशीर्वाद.

तू मला शिव्या घाल. मी दोन्हीकडे माती खाल्ली.

निळी वही मी मांडीवर घेऊन बसले होते. पण पाकीट आलेलं ताईला कळलं होतं. तिनं हात पुढे करून प्रुफाचे लांब कागद चाचपले आणि हेच वाच म्हणाली. तरी मी वहीतलं सुरू केलं. चार ओळींतच तिनं बोट वर केलं. म्हणाली, की एरवी तू विरामचिन्हंही मोठ्यानं म्हणतेस, ती आज कुठे गेली? एकतीस वर्षं मी समोरच्या माणसाला प्रुफं मोठ्यानं वाचून दाखवतेय. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं म्हणत. प्रुफं सोडून चोरून दुसरंच वाचायला गेले, तर जीभ ती सवयच विसरली. माझी चोरी पकडली गेली. मग मी खरी गोष्ट वाचली, एकही स्वल्पविराम न गाळता.

खालच्या हवेची ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली. शेवटी मुलगी खाली उतरते, छाती भरून श्वास घेते आणि तिला काहीच होत नाही, तिथं ताई उठली आणि वाळलेले कपडे घड्या घालायला गेली. टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्याच्या एकसारख्या घड्या. दोन दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलतेय.

आता तुझा प्रश्न. डॉक्टर म्हणाले होते, की मुलगी बरी आहे, जूनपासून शाळेत पाठवा. जिना उतरताना ताईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, की एक वर्ष थांबू. मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी मी विचारलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, आणि ही मी डोळ्यांदेखत जाऊ दिली. तू हे कुणाच्या सांगण्याशिवाय गोष्टीत लिहिलंस, तेव्हा मला तुझी भीतीच वाटली.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी,
मावशी


९ मार्च

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मावशी तुला वाचून दाखवेल. मावशी, स्वल्पविराम गाळलेस तरी चालतील.

आई, मी फार रागावले आहे. दोन दिवस मला भाकरतुकडा गोड लागला नाही. शाळा सुटली की रस्त्यानं मुली हसत-खिदळत जायच्या, त्यांना आपण दोघी खिडकीतून बघायचो. तू तेव्हा मला पाढे म्हणायला लावायचीस. मला तेच सारखं आठवतंय. आणि त्याच वेळी, तू एकटी कपड्यांच्या घड्या घालत उभी आहेस हे डोळ्यांसमोरून हलत नाही. असं एकदम दोन्ही वाटू शकतं, हे तू मला शिकवलं नव्हतंस.

मी प्रकाशकबाईंना मनोऱ्याची गोष्ट काढून टाकायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, की ती गेली तर पुस्तकच उरत नाही, मग सगळंच बारगळेल. बारगळू दे. टेबलालाही मी नाही म्हणून आले. एकोणीस तारखेला, गुरुवारी, मी घरी येतेय. तुझ्या डोळ्यांना आता मी लागणार.

येताना भांडणार नाही. आल्यावर भांडेन.
तुझी,
बोरू


१३ मार्च

चि. बोरूस,
आईचे आशीर्वाद.

पुठ्ठ्यात फटी कापल्या आहेत, त्यांतून चाचपत लिहितेय. ओळीवर ओळ चढली असेल तर सांभाळून घे. हे मला दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

गोष्ट ऐकली. चांगली आहे. एका ठिकाणी मात्र चुकलीस, आणि चूक दाखवणं माझं काम आहे. हवा स्वच्छ आहे हे म्हातारीला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं तू लिहिलंस. तसं नव्हतं. एका हिवाळ्यात तू माझ्या मांडीवर निळी पडली होतीस. त्या दिवशी हवा खरोखरच विषारी होती. तीन वर्षांनी डॉक्टरांनी भीती गेली म्हणून सांगितलं, ते मी नीट ऐकलं, मला समजलंही. पण नोकरी सुटलेली, तुझे बाबा गेलेले, आणि दिवसभर घरात ऐकू यायचा तो तुझा एकटीचा आवाज. तो मला सोडवेना. इतकी वर्षं मी त्याला काळजी म्हणत आले.

तेवढं दुरुस्त कर. आधी तिला माहीत नव्हतं, आणि नंतर माहीत असूनही तिनं सांगितलं नाही. त्यानं म्हातारी अधिक वाईट ठरेल. ठरू दे, गोष्ट सुधारेल. आणि ती काढायची नाही. माझ्यावर दया म्हणून तर मुळीच नाही. तोंडानं रचलेली ती गोड गोष्ट मला आवडली होती, कारण मी तशी असावी असं तुला वाटतं, हे मला त्यात ऐकू आलं.

प्रुफांसोबत आलेला पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर मावशीनं वाचून दाखवला. आईनं शाळेत न घालता घरी शिकवलं, म्हणून अशी लेखिका घडली, असं त्यात आहे. ते वाक्य काढायला लाव. शाळेत गेली असतीस तर काय झालं असतं, हे आता कुणालाच कळायचं नाही. त्याचं श्रेय मला नको.

एकोणीसला येऊ नकोस. बाईंकडे जा, गोष्ट परत दे आणि ते टेबल माग. मावशी बावीसला तिकडे येईल, तुम्ही दोघी एकत्र राहा. शिवणवाल्या बाई इथं दोन वेळा डोकावतात, आणि घरातली पावलं मी मोजून ठेवली आहेत. पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझा चेहरा मला दिसेल असं वाटत नाही. निघालीस त्या दिवशी दारात मी तुला उगाच थांबवून घेतलं होतं, ते त्यासाठी.

मी बदलले असं समजू नकोस. हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींत शेवटच्या ओळीत मी तुला लवकर ये असंच लिहिलं आणि फाडलं. म्हणून आता मावशीला चपला घालून दारात उभं केलंय. नाव लिहिलं की तिनं ते माझ्या हातातून घ्यायचं आणि सरळ पेटीत टाकून यायचं. तासभर जरी माझ्यापाशी राहिलं, तरी मी ते बदलीन.

तुझी,
आई