पोळ्याच्या दिवशीची गोळी

खैरलांजी
ता. १३ सप्टेंबर १९६७, बुधवार

ती. सत्यभामाबाईस,

तेजरामचा नमस्कार. टिकारामभाऊजींलेही सांगशीन. लेकरांले पापा.

तुह्यं कार्ड काल भेटलं. दादा तुह्याकडे परसवाड्याले पोचला हे वाचून आमचा जीव भांड्यात पडला. शुक्रवारी सकाळी कोणाले न सांगता निघून गेलता. मैनावहिनीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. इकडे बाकी बरं आहे. पाणी वेळेवर आलं, पण खालच्या बांधीत धानाले कीड लागून राह्यली. शाळेत तिमाही परीक्षा आहे. बैल चांगले आहेत.

तू विचारलं, दादा काहून आला, काहून बोलत नाही, अन् घटकाघटकाले पाणी काहून पेते. काही विशेष नाही बाई. पोळ्याच्या दिवशी त्याले चक्कर आली, चारचौघांत थोडं कमीजास्त झालं, अन् त्याच्या मनाले लागलं.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण असं उत्तर वाचून तू गप्प बसणारी नाही, उद्याच बस धरून येशीन. त्यापेक्षा लिहितोच.

दादाले साखरेची बिमारी निघाली हे तुले माहीत आहे. चैत्रात बालाघाटच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलतो. डॉक्टरनं हिंदीत भराभर सांगतलं अन् मी वहीत उतरवून घेतलं. भात अर्धा, गूळ-साखर बंद, रोज कोसभर चालणं, सकाळी एक गोळी. मास्तर माणूस मी. नियम हातात आला की छडी घेऊनच उभा राहतो. गुळाचं मडकं माह्या खोलीत नेलं अन् कुलूप लावलं. वहिनी भात वाढे तवा माही नजर ताटावर राहे. अर्ध्या भाताच्या बदल्यात ज्वारीची भाकर. दादा म्हणे, धानाच्या गावात राहून मी भाकर खाऊ, तं लोक म्हणतील याच्या घरचे तांदूळ सरले. पण खाल्ली. चालाले मात्र लाजे. बिनकामाचा माणूस रस्त्यानं चालला की सारे विचारतात, कोठी निघाला डोमाजी? म्हणून खांद्यावर दोर टाकून निघे, बैल धुंडाले निघाल्यासारखा. लोकांले वाटे, याचा बैल रोजच कसा हरवते बाप्पा.

दर आठवड्याले काचेच्या नळीत त्याची लघवी अन् निळं औषध टाकून मी स्पिरिटच्या दिव्यावर उकळत होतो. आधी विटेसारखा रंग येई. श्रावणात हिरवा येऊ लागला, म्हणजे साखर उतरली. त्या दिवशी मी ती नळी घेऊन साऱ्या गल्लीत फिरलो. वहिनीनं लाजून तोंडाले पदर लावला.

मग पोळा आला. आपल्या घरची रीत तुले सांगाले नको. बैलाच्या तोंडात पोळी गेल्याशिवाय घरधनी अन्नाले शिवत नाही. बाबा करत होते, दादा करते.

दुपारी चारले तोरणाखाली जोड्या लागल्या. मी पाह्यलं तं दादा घामानं निथळून राह्यला, हात कापून राह्यले. दोर हातातून गळला. बैल सुटून दुसऱ्याच्या जोडीत शिरले, पळापळ झाली. अन् दादा हासून राह्यला. मले म्हणे, बाबाले बोलाव, बाबाचा पहिला मान. बाबाले जाऊन नऊ वर्षं झाली. मागून कोणीतरी म्हटलं, डोमाजीनं आज लावली वाटते.

बाई, बारा वर्षं झाली दादानं मोहाची दारू सोडली त्याले. बाबाच्या पायाले हात लावून सोडली, तूही तिथं होती. पण पोळ्याच्या दिवशी गावात कोण पेत नाही? माह्याही डोक्यात तेच आलं. मी पुढं गेलो अन्

इथं मघाशी पेन खाली ठेवला होता. शाळेत एक चक्कर मारून आलो.

मी त्याच्या थोबाडीत मारली. साऱ्या गावासमोर. बेवडा म्हटलं. ज्यानं मले खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याले. तो खाली बसला, मग आडवाच झाला. त्याच्या तोंडाचा वास तरी घ्याचा होता. तेवढंही मले सुचलं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या महागूनं त्याले उचलून घरी आणलं. वहिनीले काही समजेना. बैलासाठी काढून ठेवलेलं पुरण तिनं पाण्यात कालवलं अन् बोटानं त्याच्या ओठात सोडत राह्यली. थोड्या वेळानं तो उठून बसला. पहिलं विचारलं ते हेच, बैल जेवले का?

आता तूच सांग. जे गोड मी कुलपात ठेवलं, त्यानंच तो उठला. मग गोड हे विष का औषध? खाल्लं तर बिमारी, नाही खाल्लं तर हे. माहं डोकंच चालेनासं झालं. दुसऱ्या दिवशी गाव मारबतीचा पुतळा मिरवण्यात गुंतलं होतं तवा मी बस धरून बालाघाटले गेलो. डॉक्टरनं दोनच गोष्टी विचारल्या. गोळी घेतली होती? हौ. अन् जेवण? मी म्हटलं, उपास होता.

तो म्हणाला, "मास्टरजी, मैंने उसी दिन कहा था. गोली के बाद खाना ज़रूरी है. उपवास हो, तो गोली नहीं."

पोट रिकामं असलं की गोळी अंगातली होती नव्हती ती साखर उतरवते, मग माणूस पेल्यासारखा बरळते, असं त्यानं समजावून सांगतलं. मी वही उघडून पाह्यली. माह्याच अक्षरात लिहिलं होतं, गोळी चुकवायची नाही. खाली दोन रेघा मारलेल्या. पुढचं काहीच नाही. चैत्रात डॉक्टर ते सांगत होता तवा मी बहुतेक बसची वेळ पाहून राह्यलो होतो.

अजून एक आहे. पोळ्याच्या सकाळी दादा मले म्हणाला होता, तेजा, आज उपास आहे, गोळी राहू दे. मी म्हटलं, तुले डॉक्टरपेक्षा जास्त समजते का? तोंड उघड. अन् त्यानं लेकरासारखं तोंड उघडलं. मीच ठेवली त्याच्या जिभेवर.

बालाघाटहून परत आलो तं हे कोणालेच सांगतलं नाही. वहिनीले म्हटलं, डॉक्टर म्हणे अशक्तपणा आहे. तिजेच्या उपासाले ती त्याच्या आयुष्यासाठी बिनपाण्याची बसली होती, अन् तो गोळीले हात लावत नव्हता. सायंकाळी त्यानं मले ओसरीवर बोलावलं. त्याले पोळ्याचं काहीच आठवत नाही, बाई. तोरणापर्यंत आठवते, मग एकदम घर. खाली पाहून मले विचारलं,

"तेजा, खरं सांग. मी पेलो होतो का?"

मी बोललोच नाही. नाही म्हटलं असतं तं पुढचं सारं सांगावं लागलं असतं, अन् माही हिंमत झाली नाही. त्यानं मान हलवली.

"मग बरोबर मारलं तू," म्हणे.

दोन दिवसांनी तो तुह्याकडे आला. बाबाची शपथ आपण मोडली असं तो समजून राह्यला. म्हणून बोलत नाही, म्हणून गोळ्या इथंच टाकून गेला. घटकाघटकाले पाणी पेते ती साखर वाढल्याची खूण आहे. असाच राह्यला तं पायाले अन् डोळ्याले धोका आहे, असं डॉक्टर म्हणे. मी दोनदा बसपर्यंत जाऊन परत आलो. त्याच्यासमोर उभं राहून माह्यानं बोलणं होईन का, ते मले अजूनही समजत नाही. म्हणून हे पत्र. सोबत गोळ्या आहेत. भाऊजींले म्हण, तिकडच्या डॉक्टरले एकदा दाखवून घ्या. आधी पोटभर जेवू घाल, मगच गोळी. उपास असन त्या दिवशी गोळी नाही. हे सारं आता पुरं लिहून घेतलं आहे.

दादाले वाचता येत नाही. तूच वाचून दाखव. भाऊजी असले, शेजारचे बसले असले तरी थांबू नको, मोठ्यानं वाच. अर्ध्यातून उठून गेला तं त्याच्या मागं जा, अन् एवढं तरी त्याच्या कानावर घाल: दादा, तू पेला नव्हता. तू उपाशी होता.

रविवारी मी येतो. माह्याशी बोलावं का नाही, ते त्यानं ठरवावं.

ज्याले एक "नाही" म्हणता आलं नाही, तो तुम्हा दोघांचा लहान,
तेजराम